भर उन्हाळ्यात गच्चीवरच्या छोट्या पेटीत काय लावावं?

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर खोल पेटीत साधारण सव्वाशे लिटर माती मावते. एप्रिल-मेमध्ये खरी अडचण जागेची नसते, माती तापण्याची असते. पेटीला कडेनेही ऊन लागतं, मुळं भाजतात. त्यामुळे जात बुटकी आहे एवढंच पाहून चालत नाही. टोमॅटोच्या बुटक्या जाती मिळतात, पण दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही पंचविशीच्या आसपास राहिला की फुलं गळतात. पालक आणि कोथिंबीर पानं धरण्याआधीच फुलावर येतात. हे तिन्ही आता नकोतच.

या पेटीसाठी माझी निवड ठरलेली आहे: गवार, झुडुपी चवळी आणि लाल माठ.

गवारीत ‘पुसा नवबहार’ घ्यावी. तिला फांद्या फुटत नाहीत, एकच सरळ खोड वाढतं आणि त्यालाच शेंगांचे घोस लागतात. चवळीत ‘काशी कांचन’ बुटकी आहे, मांडव लागत नाही. पाकिटावर नुसतं ‘चवळी’ लिहिलेलं बी घेऊ नये. त्यातून वेल निघाला तर सगळी पेटी झाकून टाकतो.

मातीसाठी 40 लिटर लाल माती, 45 लिटर भिजवून फुगवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 40 लिटर गांडूळखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. ओली पेटी सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जाते, म्हणून गच्चीखाली तुळई असेल तिथे किंवा भिंतीलगत ती ठेवावी. तळाला पाच-सहा भोकं हवीतच, नाहीतर जूनमध्ये मुळं कुजतात.

पश्चिमेच्या लांब कडेला गवार, वीतभर अंतरावर चार जागी. दुपारनंतर तिची सावली चवळीवर पडते. पूर्वेला फुटाफुटावर तीन चवळ्या. प्रत्येक जागी दोन बिया, पाऊण इंच खोल टोकाव्यात आणि उगवल्यावर अशक्त रोप कात्रीने कापावं. उपटलं तर शेजारच्या रोपाची मुळं हलतात. मधल्या पट्ट्यात माठ. बी बारीक असतं, मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पेरावं. मुंग्या ते पळवतात, म्हणून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि उगवेपर्यंत फवाऱ्यानेच पाणी घालावं. पंचवीस-तीस दिवसांत माठ मुळासकट काढून घ्यायचा. तोवर चवळीला पसरायला तीच जागा लागते.

रोपं चार बोटं झाली की दोन इंच पाचट किंवा वाळका पाला अंथरावा. पाणी सकाळी द्यावं आणि कडेला बोट घालून ओल पाहावी, कारण माती आधी तिथेच सुकते. सावलीची हिरवी जाळी दुपारी बारा ते चार एवढीच. दिवसभर ठेवली तर गवार नुसती उंच होते.

चवळीला वरून शेणखत किंवा युरिया देऊ नये, पानं माजतात आणि शेंगा येत नाहीत. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की त्याच दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. गवार दर दोन-तीन दिवसांनी तोडावी. एकदा राहिली की शेंग चिवट होते आणि पुढचा बहरही मंदावतो.