गुहेत पाय न ठेवता गुहा दाखवायची तर

आदिमानवाच्या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेली फ्रान्समधली लास्को गुहा 1963 साली पर्यटकांसाठी बंद करावी लागली. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, दमटपणा आणि दिव्यांच्या उजेडात वाढणारं शेवाळ यांनी ती चित्रं खराब व्हायला लागली होती. अशा जागांसाठी व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून बसल्या जागी ती जागा चहूबाजूंनी बघणं, खरंच कामाचं आहे.

360 अंशांचा कॅमेरा साधारण दीड मीटर उंचीवर ट्रायपॉडला लावा आणि अजिबात हलवू नका. शरीर स्थिर आणि दृश्य पळतंय असं झालं की बघणाऱ्याला मळमळतं. भिंत फार जवळ आली तर दोन लेन्सच्या चित्रांचा सांधा नीट जुळत नाही.

एआरचं, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर फोनच्या कॅमेऱ्यातून बघताना समोरच्या दृश्यावर माहिती दिसण्याच्या तंत्राचं, दुखणं वेगळंच. फोनचा जीपीएस सहज पाच मीटर चुकतो, दाट झाडीत त्याहून जास्त. मग पडद्यावर दिसणारा माहितीचा बिंदू एखाद्या पक्ष्याच्या घरट्यापाशी जाऊन बसतो आणि लोक फोन पुढे धरून थेट तिकडेच निघतात. जे वाचवायचं तेच तुडवलं जातं! बिंदू पायवाटेच्या मधोमध ठेवा, फलकावरच्या क्यूआर कोडने जागा पक्की करा. रेंज नसणारच असं धरून सगळं आधी डाउनलोड करून घ्यायला सांगा.

आणि हो, छान दिसलं की जावंसंही वाटतं. त्यामुळे शेवटच्या दृश्यात कमी गर्दीचे महिने आणि पर्यायी वाट दाखवाच.