खिशातला दुसरा डबा

"फोन असताना हा आणखी एक डबा कशाला?" खिशातल्या गाण्यांच्या प्लेअरबद्दल ठाणे-वाशी लोकलमध्ये हे मला वारंवार ऐकावं लागतं. ऐरोलीला चढणारे एक काका तर थेट "कुठला घेऊ?" वरच येतात. असा प्लेअर का आणि कुठला घ्यावा, हे तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

फोनवर माझा ख्याल कधी पुरा होत नाही. गवई समेवर येणार, तेवढ्यात कुणीतरी कर्ज घ्या म्हणून फोन करतं. वेगळा प्लेअर बाळगायला मला एवढं कारण पुरतं.

दुकानदार २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे (आवाजाचे नमुने किती बारकाईने आणि सेकंदाला किती हजार वेळा घेतले, ते) तोंडावर फेकतो. साधी सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते, त्यात त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात आणि माणसाच्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही. पन्नाशीनंतर तर तेवढंही नाही. रबाळे-घणसोलीच्या खडखडाटात त्या आकड्यांचे पैसे पाण्यात. त्यापेक्षा बटणं बघा. एक हात वरच्या कडीला असताना दुसऱ्याने खिशातल्या खिशात चाचपून गाणं थांबवता आलं पाहिजे.

आणि 'गॅपलेस' आहे का, म्हणजे एका फायलीतून दुसरीत जाताना मध्ये खंड पडत नाही ना, ते विचारा. बाबांच्या कॅसेटी मी संगणकावर उतरवल्या (मागे पंख्याची घरघर आणि बाबांचा खोकला आहे, तो मुद्दाम ठेवलाय) आणि हौसेने विलंबित, द्रुत असे तुकडे पाडले. एमपी३ करताना फायलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता आपोआप चिकटते. प्लेअरने ती गाळली नाही तर ऐन जोडावर तबला ठेचकाळतो. माझ्या पहिल्या प्लेअरचं तेच झालं. दुकानदार म्हणाला, "तुमची फाइलच खराब आहे."

म्हणून दुकानात जाताना सलग दोन तुकडे भरलेलं मेमरी कार्ड न्या आणि तो जोड ऐका. फायलींना नावं देवनागरीत द्या. पुष्कळ स्वस्त प्लेअरांवर त्यांचे नुसते चौकोन दिसतात, तेही तिथेच कळेल. जागेची काळजी नको. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ला तासाला १४४ एमबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात पावणेनऊशे तासांच्या आसपास गाणी मावतात. फ्लॅकला (आवाजातलं काहीच न गाळणारा फायलीचा प्रकार) दुपटीच्या आसपास जागा लागते. कॅसेटवरच्या मालाला मी ती देत नाही.

हे सगळं ऐकून काकांनी टचस्क्रीनवालाच घेतला. परवा तुर्भ्याला गर्दीत उतरताना त्यांच्या खिशाने आपणहून गाणं बदललं, तेव्हा माझ्याकडे न बघताच उतरले.