मार्था वॉशिंग्टनबाईंचं एरंडेल

दोन दिवस वॉशिंग्टनमधली स्मारकं बघून आईचे पाय बोलायला लागले, म्हणून तिसऱ्या दिवशी तिला पोटोमॅक नदीपलीकडे अलेक्झांड्रियाला नेलं. आज वॉशिंग्टनचं उपनगर म्हणवत असलं, तरी हे गाव राजधानीपेक्षा जुनं. तिथे साउथ फेअरफॅक्स स्ट्रीटवर विटांची एक साधीशी इमारत आहे. स्टेबलर-लेडबीटर अपोथेकरी, म्हणजे जुनं औषधांचं दुकान.

एडवर्ड स्टेबलर या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या, गुलामगिरीच्या विरोधातल्या गृहस्थानं १७९२ मध्ये धंदा सुरू केला. पुढे तो जावई जॉन लेडबीटरच्या घराण्याकडे गेला आणि १९३३ मध्ये, महामंदीत, बंद पडला. पण सामान पांगलं नाही. १९३९ मध्ये तिथेच संग्रहालय उघडलं. १९८२ पासून इमारत राष्ट्रीय वारसा यादीत आहे. मला तर वाटतं, धंदा चालू राहिला असता तर कुणीतरी नक्की काचेचे शोकेस आणि ट्यूबलाइट लावल्या असत्या!

खाली सगळा थाट. लाकडी फडताळांना टोकदार गॉथिक कमानी, त्यांत सोनेरी अक्षरांच्या बाटल्या ओळीनं उभ्या. गिऱ्हाईक आत आलं की आधी आवाज खाली यावा आणि मग पैसे बाहेर यावेत, असा काहीसा हिशेब असणार. कष्टाचं काम वरच्या मजल्यावर. तिथे छतापर्यंत खण आणि डबे, चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या. एकावर चक्क ‘ड्रॅगनचं रक्त’! प्रत्यक्षात तो झाडाचा लाल डिंक.

“अगं, हिरादखण ते,” आई म्हणाली. “आपल्या काष्ठौषधीवाल्याकडे मिळतं की.” खणांकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. पाय दुखत असल्याचं विसरलीच.

दुकानाच्या कागदपत्रांत २२ एप्रिल १८०२ ची एक चिठ्ठी आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्नी मार्थाबाईंनी स्टेबलरकडून उत्तम एरंडेलाची एक क्वार्टची, म्हणजे जवळपास लिटरभराची, बाटली मागवली होती. सोबत बिलही पाठवायला सांगितलं होतं. बरोबर महिन्यानं त्या वारल्या.

गाइडनं हसत विचारलं, इथे कुणी एरंडेल प्यायलंय का? मी आईच्या कानात मराठीत सांगितलं. अख्ख्या गटात तिचा एकटीचा हात वर.

“सुंठीच्या काढ्यातून,” ती म्हणाली. “आणि हिला नाक दाबून.”