तुम्ही विचारलंत म्हणून: नवी डिफेंडर पटली का?

रविवारी सकाळी ठाण्यात उपवन तलावाशी थारवाल्या आणि जुन्या जीपवाल्या पोरांचा घोळका जमतो. माझी महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०, तिथे लागली की चहाच्या आधी प्रश्न येतो, "काका, तुम्ही पत्र्यातली माणसं. खरं सांगा, लँड रोव्हरची नवी डिफेंडर तुम्हाला पटली का?" वर्कशॉपवर येणारी गिऱ्हाइकंही हेच विचारतात. सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांसमोर आली तेव्हापासून विचारतायत. उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

वागळे इस्टेटमध्ये माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, तीस वर्षं झाली.

ती गाडी आली तेव्हा जुन्या लँड रोव्हरवर जीव लावलेली माणसं जगभर दुखावली. खालची वेगळी चासी गेली, मोनोकॉक, म्हणजे चासी आणि बॉडी एकजीव असलेला सांगाडा आला. सलग अॅक्सल जाऊन चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. कोपरे गोल झाले. बोनेटवर चेकर्ड प्लेट वाटावी असं जे काळं दिसत होतं, ते निघालं प्लास्टिक. उपवनच्या पोरांनी "मॉलच्या पार्किंगची गाडी" म्हणून ती एका वाक्यात निकालात काढली. एकदोघं तेवढे अडखळले, कारण २००८ पासून कंपनी टाटांची आहे आणि घरच्या माणसाला नावं ठेवताना जीभ जड होते.

हा राग कळायचा तर जुनी गाडी तशी का होती ते आधी बघायला हवं. १९४७ मध्ये रोव्हरचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांनी वेल्समधल्या अँगलसी बेटावर, समुद्राकाठच्या वाळूत तिचं पहिलं रेखाटन केलं. ३० एप्रिल १९४८ ला ती अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात उभी राहिली. युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली आणि ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर. अॅल्युमिनियम मिळत होतं, म्हणून बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. मोठाले डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायला पैसा आणि वेळ नव्हता, म्हणून पत्रा सपाट, कडेला साधा वाकवलेला. विमानाच्या कॉकपिटसाठीचा हिरवा रंग उरलेला होता, म्हणून गाडी हिरवी. पत्र्याचं काम करणाऱ्याला त्या गाडीच्या प्रत्येक वळणात हा 'म्हणून' दिसतो. पुढे साठ-सत्तर वर्षांत वीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. २९ जानेवारी २०१६ ला सॉलिहलच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली, तेव्हाही तिच्याकडे बघून ती वाळूतली रेघ ओळखता येत होती.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे परदेशातून आणलेली एक जुनी वन-टेन, म्हणजे डिफेंडरचं लांब मॉडेल, आली होती. पुढचं डावं मडगार्ड आत गेलेलं. बोल्ट काढले आणि मडगार्ड हातात आलं. अॅल्युमिनियमवर लोखंडी हातोडी दामटली तर पत्रा ताणला जातो आणि मग कितीही ठोका, जागेवर बसत नाही. माझ्या उस्तादांनी त्यावर कपड्याचा साबण घासायला लावला आणि मागून गॅसची ज्योत फिरवली. साबण काळा पडला की थांबायचं, पत्रा मऊ झालेला असतो. त्याच्यापुढे गेलात तर अॅल्युमिनियम लाल होऊन सूचना देत नाही, एकदम वितळतं. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने हळूहळू वर आणलं. दोन दिवसांत मडगार्ड परत जागेवर गेलं. उस्ताद आता नाहीत. त्या दोन दिवसांत त्यांनी जे शिकवलं, त्यावर मी आजही पोट भरतोय.

नव्या गाडीला पहिल्यांदा हात लावला तो एका गिऱ्हाइकाने दारावरचा चरा दाखवायला आणली तेव्हा. मी चरा नंतर बघितला, आधी तळहात फिरवला. बाजू सपाट दिसते, पण सपाट नाही. अगदी सपाट पत्रा उन्हात आत बसल्यासारखा दिसतो, त्यावर लाटा उठतात. जुनीच्या दारांवर त्या हटकून दिसायच्या. इथे मधोमध इतका हलका फुगवटा दिलाय की डोळ्याला सरळ वाटतं आणि तळहाताला पोट लागतं. नव्या गाडीचे डिझायनर जेरी मॅकगव्हर्न यांच्या टीमने जुनी गाडी किती वेळ निरखली असेल ते त्या एका दारात कळलं. चाकांच्या पुढेमागे बॉडी कमीत कमी ठेवलीय, चढावर नाक घासू नये म्हणून. जुनी ५०० मिलिमीटर पाण्यातून जायची, ही ९०० मधून जाते. डॅशबोर्डमधला मॅग्नेशियमचा आडवा बीम झाकलेला नाही, दारांवर स्क्रू दिसतात. तो 'म्हणून' मला इथेही सापडला. बाजूच्या मागच्या खिडकीवरचा चौकोनी तुकडा आणि बोनेटवरचं प्लास्टिक मात्र मला पटलेलं नाही. त्यांना काही काम नाही. जुन्या गाडीच्या नावाला ते शोभत नाहीत.

२०२० मध्ये लंडनच्या हायकोर्टात कंपनीला जुन्या आकाराचा ट्रेडमार्क मिळाला नाही. तिथे मान्य झालेलं मत असं, की इतर गाड्यांपेक्षा जुनीच्या आकारात असलेले फरक जाणकारांना मोठे वाटतील, पण सामान्य गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येणार नाहीत. कायद्याने ते बरोबर असेल. पण ज्याच्या लक्षात येतात त्याला ते लागतात, आणि उपवनला बसलेल्या पोरांनाही ते लागलेत. त्यांना मी वेडं म्हणणार नाही.

माझं स्वतःचं दुःख आकाराचं नाहीच. नव्या गाडीची अॅल्युमिनियमची बॉडी रिव्हेटने आणि चिकटद्रव्याने जोडलेली आहे. तिचं काम करायला वेगळी, बंद जागा लागते. शेजारी लोखंड घासलं जात असेल तर तो कण अॅल्युमिनियमवर बसतो आणि तिथून पत्रा खायला सुरुवात होते. हत्यारंसुद्धा वेगळी ठेवावी लागतात. माझ्या शेडमध्ये एका वेळी तीन गाड्यांवर ग्राइंडर चालू असतो. दार्जिलिंगकडे मानेभंजांगहून संदकफूला चढणाऱ्या लँड रोव्हर १९५० च्या दशकातल्या आहेत, आणि त्या इतकी वर्षं धावल्या त्या तिथल्या मिस्त्रींच्या हातावर. नवीच्या नशिबात असा गावचा मिस्त्री नाही. मोनोकॉकमुळे ती जास्त सुरक्षित झाली, चालवायला किती तरी चांगली झाली, हे मी मोकळ्या मनाने मानतो. पण ती माझ्या हातून गेली.

गेल्या रविवारी टपरीसमोर एक पांढरी, नवी वन-टेन थांबली. मालकाला विचारून मी घोळक्यातल्या सगळ्यात तावातावाने बोलणाऱ्या पोराला म्हटलं, डोळे मीट आणि दारावरून हात फिरव. त्याने पुढच्या दारापासून मागच्यापर्यंत फिरवला, परत आला, पुन्हा फिरवला.

"काका, हिला पोट आहे."

"आहे."

"आणि हे आत गेलं तर तुम्ही काढाल?"

"नाही. माझ्याकडे तशी जागा नाही."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते जुन्या मडगार्डचं, साबणाचं काम, ते मला दाखवाल का?"

सोमवारी ये म्हटलं. येताना कपड्याचा साबण घेऊन ये.