जानेवारीत पेरलेले टमाटर आणि तीन बाटल्या

चूक माझीच, हे आधी कबूल करून टाकते. नागपुरात हिवाळी टमाटरचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडायला हवं. मी पुडी आणली दसऱ्याच्या आसपास, पण दिवाळीच्या साफसफाईत ती इतकी 'नीट' ठेवली गेली की नाताळात शिवणाच्या डब्यात सापडली. टाकून द्यायचं जिवावर आलं. बी टाकलं २ जानेवारीला.

उगवायला तेरा दिवस लागले. माती पंचविसाच्या आसपास उबदार असली तर हेच बी आठवड्यात वर येतं, पण जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहा-बारावर असतो. दहाव्या दिवशी ट्रे फ्रीजच्या डोक्यावर नेऊन ठेवला आणि तीन दिवसांत हिरवे वाकडे कोंब दिसले. पहिल्या दिवसापासून तिथेच ठेवला असता तर आठवडा वाचला असता. तो आठवडा पुढे किती महाग पडणार होता, हे तेव्हा कळलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात गच्चीवर अकरा कुंड्या झाल्या. दोन रोपांची पानं आखडून वाटीसारखी वळली. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा तो रोग, त्यावर औषध नाही. उपटून लांब टाकली. उरली नऊ. काठ्या लावल्या, बगलफुटी (पानाच्या बेचक्यातले कोंब) खुडल्या, रोपं कमरेएवढी झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिवळी फुलं आली आणि मी त्यांचे फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकले. इथेच नजर लागली असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

कारण त्यानंतर महिनाभर एक फळ धरलं नाही.

टमाटरच्या फुलाच्या देठाला मध्यावर एक गाठ असते. आज फूल टवटवीत, उद्या ती गाठ पिवळी, परवा धक्का लागला की फूल खाली. पाकळ्या शाबूत, आत काही नाही. रोज सकाळी झाडू मारताना मी फुलं मोजायची. एका सकाळी ४१ निघाली. भाजीसाठी लावलेल्या झाडाखाली पूजेची परडी भरेल एवढी फुलं वेचायची, याचा जो संताप येतो तो ज्याने वेचली त्यालाच माहीत.

सीताबर्डीच्या बाजारात, बियाण्यांच्या दुकानात गेले. काउंटरवर गर्दी. माझ्या फोनमधला फोटो दुकानदारांनी एक सेकंद पाहिला आणि मागे न वळताच हात फळीवर गेला. "सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी पडून राहिली, मॅडम." पहिली बाटली. दहा दिवसांनी पुन्हा गेले तर "बोरॉन मारा". दुसरी बाटली. तिसऱ्या खेपेला फुलं टिकवणारं संजीवक, तेही "चार थेंबच, जास्त नाही" अशा थाटात, जणू काही प्रसाद देताहेत. तिन्हींचे मिळून ६४० रुपये झाले. तिन्ही वेळा मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. बी केव्हा टाकलं, कुंड्या कुठे आहेत, ऊन किती, काही नाही. माझा राग बाटल्यांवर नाही, या न विचारण्यावर आहे. घरच्यांचीही मदत होतीच: नवऱ्याने परस्पर युरिया टाकला, त्यामुळे पानं आणखी गडद हिरवी झाली आणि फुलं आणखी गळली. नत्र जास्त झालं की झाड पानांच्याच मागे लागतं. युरियाची पिशवी घरातल्या माणसांपासून दूर ठेवा, हा सल्ला खरं तर वरच द्यायला हवा होता.

शेवटी कळमेश्वरकडे शेती करणाऱ्या मामांना फोन लावला. आधी पोटभर हसले. "काऊन वं, आमच्याकडे संक्रांतीले तोडा चालू रायते अन् तू तवा पेरून राह्यली?" मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो दुकानात कोणी विचारला नव्हता. "रात्री गच्चीवर झोपून पाह्यलं का एखाद्या दिवशी?"

त्या रात्री दहा वाजता सतरंजी घेऊन वर गेले. स्लॅब सतरंजीतूनही पाठीला चटका देत होता. भिंतीवरचं थर्मामीटर काढून कुंडीला टेकवून ठेवलं: ३१. बातम्यांत रात्रीचं तापमान बावीस-तेवीस सांगत होते, पण ते सोनेगावच्या वेधशाळेचं आणि पहाटेचं. माझी झाडं दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या तव्यावर उभी होती आणि तवा मध्यरात्रीपर्यंत निवत नव्हता.

मग नीट वाचून काढलं. टमाटरचं फळ धरायला रात्र साधारण १५ ते २० अंशांची लागते. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्री बाविशीच्या वर राहू लागला की परागकण निकामी होत जातात, फुलात फळ धरत नाही आणि झाड ते फूल टाकून देतं. म्हणजे झाड आजारी नव्हतंच. मी दिवसाच्या उन्हाशी भांडत हिरवी नेट बांधत बसले आणि खरी गडबड रात्री चालली होती.

घरमालकीण काकूंच्या मागच्या अंगणात सीताफळाखाली माती आहे, सकाळचं ऊन येतं, दुपारी सावली. काकूंना विचारून तीन कुंड्या खाली नेल्या. सगळ्या नेता आल्या नाहीत. एक कुंडी जिन्यावरून उतरवतानाच नवऱ्याची पाठ धरली. (युरियाचा हिशेब तिथे फिटला.) खालच्या मातीवर संध्याकाळी पाणी शिंपडलं की आठ वाजेपर्यंत गारवा जाणवायचा. सकाळी सात-साडेसातला फुलांच्या घोसाला टिचकी मारायची, कारण टमाटरचं फूल आपलं आपणच फळतं, फक्त पराग झडायला हादरा लागतो आणि बंद अंगणात वारा नसतो. नवव्या दिवशी एका गळू पाहणाऱ्या फुलामागे मोहरीएवढा हिरवा मणी दिसला. मी काकूंना झोपेतून उठवून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला कुंड्यांना पाणी घालावं लागलं नाही.

वरच्या सहा कुंड्यांचं काय? एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, सलग तीन दिवस ढग, रात्री पंखा बारीक करावा लागेल एवढा थंडावा. त्याच तीन दिवसांत उमललेल्या फुलांतून वरही सहा फळं धरली. आधीची गेली, नंतरची गेली, तेवढीच राहिली. त्या आठवड्यात संजीवकाची फवारणीही झाली होती, म्हणून दुकानदार म्हणतील आमचंच औषध लागू पडलं. म्हणू देत.

हिशेब: खाली १७, वर ६, एकूण २३ टमाटर. वरच्या सहापैकी दोघांच्या पाठीवर उन्हाने पांढरे चट्टे पडले, एकाचं बूड काळं झालं. ते मी एक दिवस पाणी विसरून दुसऱ्या दिवशी दुप्पट घालायचे म्हणून. पाण्याची अशी ओढाताण झाली की फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचत नाही.

तोडायची वेळ आली ती नेमकी नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांच्या तोंडावर. फळं पिवळट नारिंगी होऊन थांबली, लाल होईनात. मी रोज वाट पाहायची आणि ती झाडावर शिजून मऊ पडायची. चार फळं अशी गेली. तिशीच्या बऱ्याच वर पारा राहिला की टमाटरमध्ये लाल रंग नीट तयारच होत नाही. बुडाशी गुलाबी छटा दिसली की तोडून घरात, कूलरच्या खोलीत टोपलीत ठेवायची; चार-पाच दिवसांत लाल होतात. उरलेली तशीच केली. सासूबाईंनी पाट्यावर भेदऱ्याची (म्हणजे टमाटरचीच) चटणी वाटली, सांबार (कोथिंबीर) नि हिरवी मिरची घालून, आणि एक वाटी खाली काकूंकडे गेली.

एक सांगायचं राहिलंच. कुंडीत नुसती काळी माती भरू नका. उन्हात ती तडकते आणि भेगेबरोबर मुळं तुटतात. निम्मी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट, वरून वाळलेल्या पानांचा जाड थर. आणि बियांची पुडी शिवणाच्या डब्यात ठेवू नका.