भाजी उपटणारा मारिओ

गणेश चवथीच्या आदल्या संध्याकाळी गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या मूळ घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास) बांधायचं काम चालू असतं. म्हणजे धाकटे काका स्टुलावर उभे आणि बाकीचे आठ-दहा जण खालून त्यांना सूचना देणारे. सगळ्यात जास्त सूचना माझ्या चुलतभावाच्या, उमेशच्या. मी सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, कांगलां असं एकेक वर देत होतो, तेवढ्यात माजघरातून भाच्याची तक्रार आली. "मामा, हा मारिओ बिघडलाय. डोक्यावर उडी मारली तरी कोणी मरतच नाही!"

हातातला चिबूड तसाच घेऊन मी आत गेलो. स्विच या त्याच्या गेमच्या यंत्राच्या पडद्यावर लाल झगा आणि पांढरा मुखवटा घातलेल्या एका प्राण्याच्या डोक्यावर मारिओ निवांत उभा होता आणि तो प्राणी त्याला घेऊन चालत होता, जत्रेत बाप पोराला खांद्यावरून नेतो तसा. 'सुपर मारिओ ब्रदर्स २'. ही तक्रार मी याच खोलीत, तीस वर्षांपूर्वी ऐकली होती.

तेव्हा आमच्याकडे 'टीव्ही गेम' होता. निन्टेन्डो वगैरे नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. दिवाणखान्यातल्या टीव्हीला मागून वायर लावायची, वरच्या खाचेत कॅसेट दाबायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. पहिला मारिओ सगळ्या भावंडांना तोंडपाठ होता. १९९५ च्या चवथीला बाबांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक पिवळी कॅसेट आणली. वर स्टिकर भलत्याच गेमचा, आत निघाला हा मारिओ. सुरुवातीलाच विचारतो, कोण होऊन खेळणार? मारिओ, लुईजी, राजकन्या, की डोक्यावर अळमी (मशरूम) असलेला टोड? इथपर्यंत सगळे खूश. मग खेळ सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत घरात दोन पक्ष पडले.

या मारिओत शत्रूच्या डोक्यावर उडी मारून काही होत नाही. जमिनीत ठिकठिकाणी पानांचे झुपके असतात, ते धरून ओढले की खालून सलगमासारखा कंद निघतो, तो शत्रूला फेकून मारायचा. शत्रूलाच डोक्यावर उचलून दुसऱ्या शत्रूवर फेकलं तरी चालतं. पहिल्या मारिओतलं घड्याळ नाही, गुण नाहीत, शेवटी झेंड्याचा खांब नाही, आगीचे गोळे नाहीत आणि तो काटेरी पाठीचा खलनायक बाऊजर तर औषधालाही नाही. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या उमेशने हात झटकून निकाल दिला, "डुप्लिकेट आहे. हा मारिओच नव्हे." आणि तो क्रिकेट खेळायला निघून गेला. डुप्लिकेट यंत्रात घातलेल्या डुप्लिकेट कॅसेटमधला गेम डुप्लिकेट आहे म्हणून आम्ही भांडत होतो, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या पक्षात मी होतो आणि आजी. आजीचं पहिल्या मारिओशी जुनं वैर होतं. तो कासवांवर उड्या मारायचा. म्हाळसेच्या देवळासमोरची ती उंच पितळी समई कूर्माच्या पाठीवर उभी आहे. आजी आयुष्यभर तिथे हात जोडत आलेली. तिच्या समोर तिचा नातू दिवसाला दोनशे कासवं चिरडायचा. "कित्याक रे पुता त्या कासवाक मारता?" असं ती वाती वळता वळता विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. हा नवा मारिओ भाजी उपटतो, हे पाहून तिचा चेहरा खुलला. पुढच्याच क्षणी तिने कपाळाला आठी घातली. उपटलेली भाजी फेकतात का कोणी? तिच्या मते ती राजकन्येने घरी न्यायला हवी होती. (मधूनच कंदाऐवजी जमिनीतून कासवाची पाठ निघते आणि ती फेकावी लागते. ते मी आजीची नजर चुकवून उरकत असे.)

मला हा गेम आवडला तो मात्र अळम्यांमुळे. पावसाळ्यात आमच्याकडे रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी विकायला येतात. ती आणणाऱ्याला तुम्ही काहीही विचारा, भाव सांगेल, कशी शिजवायची ते सांगेल, पण कुठल्या रोयणीवर (वारुळावर) मिळाली ते मरेपर्यंत सांगणार नाही. या गेममध्ये तसंच आहे. जमिनीतून कधी कधी लाल बाटली निघते. ती फेकाल तिथे एक दार उभं राहतं. दारातून आत गेलं की तीच जागा आरशातल्यासारखी उलटी आणि काळोखी दिसते. आत थांबायला मोजके क्षण मिळतात. तिथे गवत उपटलं की नाणी निघतात. दार नेमक्या जागी उघडलं असेल तर तिथेच एक अळमं बसलेलं असतं आणि त्याने मार सोसायची ताकद एकाने वाढते. पण नेमकी जागा कुठली, याची खूण कुठेही नाही. बाटली आंधळेपणाने टाकून बघायची, चुकली तर काळोखात हात हलवत परत यायचं. मी त्या जागा शोधून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या आणि वही तांदळाच्या पेटीमागे लपवली होती. शेजारच्या मुलांनी लाडू देऊ केले, मी सांगितलं नाही.

त्या काळोखात आणखी एक गोष्ट होती. आत गेलं की पहिल्या मारिओची धून वाजायची. बाहेरच्या उजेडात या गेमचं संगीत वेगळं, पण दार उघडलं की तोच जुना, सगळ्यांना पाठ असलेला सूर. दार मिटलं की पुन्हा गायब.

एकूण वीस लेव्हल आणि आमच्या कॅसेटमध्ये कुठेही जतन करायची सोय नाही. एका बैठकीत संपवायचा, नाहीतर पहिल्यापासून. अनंत चतुर्दशीच्या आसपास एका दुपारी मी शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो. वार्ट त्याचं नाव. बेडकासारखा जाडजूड, डोक्यावर मुकुट आणि भाजीचा कट्टर शत्रू. शेजारचं यंत्र भाज्या उडवत असतं, त्या झेलायच्या आणि बुडबुडे सोडायला वार्टने तोंड उघडलं की आत फेकायच्या. तिसरी भाजी त्याच्या घशात गेली आणि लाईट गेली. बाहेर पाऊसही नव्हता. आजी म्हणाली, आता जेवायला बस. पानात भाज्यांचं खतखतं होतं.

पुढच्या वर्षी न्यू जर्सीचे काका आले ते सुपर निन्टेन्डो घेऊनच. त्यात 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' नावाची १९९३ ची कॅसेट होती आणि जुने मारिओ तिच्यात नव्या रंगांत काढले होते. अमेरिकेची वीज एकशे वीस व्होल्टची, म्हणून आधी एक वजनदार ट्रान्सफॉर्मर लावावा लागला. तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायचा. चित्र आलं ते काळंपांढरं! तिकडची टीव्हीची पद्धत निराळी, आमच्या टीव्हीला तिचे रंगच कळत नव्हते. काका दर पाच मिनिटांनी सांगायचे, "हे डोंगर बघ, काय सुंदर हिरवे आहेत," आणि आम्ही राखाडी डोंगरांकडे बघून माना डोलवायचो. ते रंग मी पहिल्यांदा पाहिले ते अलीकडे, स्विचवर. डोंगर खरंच छान हिरवे आहेत. पण त्या आवृत्तीत गेम जतन करता येतो, एक जीव गेला की लगेच पात्र बदलता येतं. सोय झाली खरी, पण मेल्यावर लुईजी घेऊन परत येता येतं म्हटल्यावर निवडीला वजन राहत नाही. आमच्या टीव्ही गेममध्ये राजकन्या घेतली तर लेव्हल संपेपर्यंत तिच्याशीच संसार करावा लागे. ती हवेत तरंगते हे खरं, पण भाजी उपटायला घेते तेव्हा शत्रू जवळ येऊन जेवून जाईल इतका वेळ लावते.

उमेश बरोबर होता हे मला कळलं फर्मागुडीच्या कॉलेजात असताना, फोंड्याच्या एका सायबर कॅफेत. जपानमध्ये १९८६ साली आलेला खरा दुसरा मारिओ वेगळाच होता. पहिल्यासारखाच, पण छळवादी. तो अमेरिकेतल्या मुलांना झेपणार नाही असं तिथल्या निन्टेन्डोला वाटलं. मग त्यांनी हाताशी असलेला दुसराच गेम घेतला. 'युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक', जुलै १९८७ चा, फुजी टेलिव्हिजनच्या एका महोत्सवासाठी केलेला. त्यात मारिओ नव्हता, अरबी वेशातलं एक कुटुंब होतं. इमाजिन, लीना, पापा आणि मामा. त्यांच्या जागी हे चौघे बसवले, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये अमेरिकेत तो 'मारिओ २' म्हणून विकला. उंच उड्या मारणारा आमचा लुईजी मुळात मामा होता, आणि जपानीत मामा म्हणजे आई. भाच्याला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिला.

गंमत पुढेच आहे. जपानला हा गेम १९९२ साली परत गेला, 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने. म्हणजे घरचाच मुलगा परदेशी आडनाव लावून आला. आणि दुसऱ्याच्या घरून उचललेल्या गोष्टी पुढे मारिओच्या घरच्याच होऊन बसल्या. लुईजी उंच तो इथपासून. मुखवट्याचा शाय गाय, तोंडातून अंडी फेकणारा बर्डो, चालता बॉम्ब, हे सगळे मुळात त्या अरबी गोष्टीतले. इंत्रुजात (कार्निव्हलात) पणजीच्या रस्त्यावर कोणाचा मुखवटा कोणाच्या तोंडावर आहे ते कळत नाही, तसा हा प्रकार. तरी हे वाचलं त्या दिवशी मी उमेशला फोन केला नाही. असल्या बातम्या कोणी आपणहून देत नसतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही चोडणला राहायचो. रोज रायबंदरची फेरीबोट. तेव्हा मी जुना गेम बॉय ॲडव्हान्स घेतला आणि त्यावर २००१ चं 'सुपर मारिओ ॲडव्हान्स', म्हणजे पुन्हा हाच गेम. त्या यंत्राच्या पडद्यामागे दिवा नाही, घरात बसून काही दिसत नाही, पण फेरीच्या उघड्या कठड्यापाशी मांडवीवरचं ऊन पडलं की पडदा लख्ख. जाताना एक लेव्हल, येताना एक. लोक मोटरसायकलींवर टेकून पेपर वाचायचे, मी सलगमं उपटायचो. गेम तोच, पण त्याला आवाज दिलेले. भाजी उपटली की बोलतो, अळमं मिळालं की बोलतो, राक्षससुद्धा बोलतात. दुसऱ्याच दिवशी मी आवाज शून्यावर नेला. भाज्याही काही ठिकाणी हत्तीएवढ्या केल्या होत्या, आणि तिसऱ्या जगाच्या शेवटी उंदराच्या जागी भलामोठा यांत्रिक बर्डो. वार्टला मी अखेर तिथेच मारलं, चोडणच्या धक्क्याला फेरी लागता लागता. दहा वर्षं उधार असलेल्या भाज्या त्याच्या घशात घातल्या. मग कळलं, मारिओ झोपलेला आहे, हे सगळं त्याचं स्वप्न होतं. मागच्या मोटरसायकलवाल्याने हॉर्न दिला.

भाच्याचं खेळणं आमच्याहून वेगळं. मेला की तो बटण दाबून काही क्षण मागे जातो आणि मेलोच नव्हतो अशा थाटात पुढे. मी त्याला म्हटलं, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, "मग हे बटण कशाला दिलंय?" मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी माटोळी अर्धी झाली आणि लाईट गेली. काका अंधारात स्टुलावर. कोणीतरी समई लावायला धावलं, कोणीतरी टॉर्च. माजघरात फक्त स्विचचा उजेड, तो बॅटरीवर चालूच होता. सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा झाली, मागोमाग मोठेही. भाच्याच्या मारिओच्या हातात लाल बाटली होती आणि ती कुठे फेकावी ते त्याला कळत नव्हतं. मी आठवायला लागलो. ती वही कधीच कसरीने खाल्ली होती, आणि इतक्या वर्षांत जागा माझ्याही डोक्यातून गेल्या होत्या.

"थोडा मागे," अंधारातून आवाज आला. "अजून मागे. तिथे नको रे... हां. इथे टाक."

दार उघडलं. आत काळोख, जुनी धून, आणि मधोमध अळमं.

मी वळून बघितलं. उमेश माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका स्टुलावर राहिलेत, त्यांना कोणीतरी उतरवा."