हौशी माणसाची कटकट

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानात पहाटे चालायचं म्हणजे खांद्याला खांदा घासतो. कोरे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि घामापेक्षा फोटो जास्त. महाशिवरात्रीपर्यंत ही जत्रा पांगते आणि नेहमीची डोकी तेवढी उरतात. त्यांतले एक आजोबा रोज वाटेवरचे दगड चपलेनं बाजूला सारत चालतात. कुणी गुटख्याची पुडी टाकली की तिथंच उभं राहून त्याला चार शब्द सुनावतात. लोक त्यांना किरकिऱ्या म्हणतात. मला विचाराल तर त्या अख्ख्या मैदानात खरा हौशी माणूस तोच.

उत्साही माणूस म्हटला की आपल्याला हसतमुख, टाळ्या पिटणारा, ‘चला, चला’ करणारा गडी आठवतो. त्याचा उत्साह बहुधा नव्याच्या नऊ दिवसांचा असतो. मुरलेली हौस ओळखायची ती कटकटीवरून. दुसऱ्याला जे दिसतसुद्धा नाही, ते या माणसाला टोचत असतं.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बेळगावात गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. ती पोरं काम करताना एकदा बघावीत. माती पाहिजे तर ती हिंडलग्याकडची लाल. शहापूर-वडगावकडची काळी फुकट दारात आणून टाकली तरी नको, कारण वाळली की तिला भेगा पडतात आणि तट उकलतो. दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरायचं, ते ओलं असेतोवर बोटांनी कडे काढायचे, उतारावर मोहरी पेरायची. भूगोलाच्या वहीत नकाशा काढायचा म्हटला की ज्याचं पोट दुखतं, तोच पोरगा टकमक टोक आणि हिरकणी बुरूज यांच्या जागेवरून दोस्ताशी हमरीतुमरीवर येतो. रायगडाचा महादरवाजा समोरून दिसला तर त्याला राग येतो. दोन बुरुजांच्या आड लपलेला दरवाजा उघडा दाखवला तर शत्रूला आमंत्रणच की! परवा एकानं दोन दिवसांचं काम लाथ मारून पाडलं. का? ‘बुरूज इडलीसारखा दिसतोय गा.’ आईनं जेवायला दिलेल्या हाका त्याच्या कानावरच गेल्या नव्हत्या.

आता मांडे. बेळगावच्या लग्नाच्या रुखवतात मांडे नसले तर चर्चा होते, आणि मांडे घरी करणाऱ्या बायका आता कमी उरल्या आहेत. आमच्या ओळखीच्या एक काकू अजून करतात. कणीक मळायला बसल्या की त्यांच्याशी बोलायची सोय नसते. आत पिठीसाखर, वेलदोडे, खसखस. लाटून झालं की ती पारी दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत झुलवायची, आपल्याच वजनानं वाढू द्यायची. बांगड्या आधीच काढून कोनाड्यात ठेवलेल्या. पारीतून पलीकडचं दार दिसायला लागलं की ती उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायची. पुढचा खेळ क्षणांचा. गरम आहे तोवर घडी पडली तर पडली, गार झाला की मांडा कडक होतो आणि घडी घालताना मोडतो. मोडलेला मांडा चवीला तोच असतो, पण काकू तो पाहुण्यापुढं ठेवणार नाहीत. ‘आमाला द्या की’ म्हटलं तर देतात, पण चेहरा असा की जणू आपण त्यांची चोरी पकडली.

हौसेच्या गोष्टीत किर्लोस्करांचं नाव टाळता येत नाही, निदान किर्लोस्कर रोडवरून रोज जाणाऱ्याला तरी. लक्ष्मणराव याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग ओळखण्यात डोळ्यांची साथ पुरती नव्हती. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. 1888 मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. त्या काळी सायकल विकायची म्हणजे गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावं लागे. पुढं लोखंडी नांगर केला, तर शेतकऱ्यांना वाटलं, लोखंडानं जमिनीला विष होईल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. मला त्यांच्या पुढच्या कारखान्यांपेक्षा या दोन वर्षांचं कुतूहल जास्त. गिऱ्हाईक नाही, कौतुक नाही, आणि हा माणूस नांगर सोडत नाही. घरचे काय म्हणत असतील?

आमच्याकडं असल्या लोकांना ‘त्याला नाद लागलाय’ म्हणायची पद्धत आहे. दारूच्या आणि किल्ल्याच्या नादाला आम्ही एकाच पंगतीला बसवतो, याला इलाज नाही.

मात्र सगळीच कटकट हौसेची नसते, हेही खरं. आरामखुर्चीत बसून ‘भाजीत मीठ कमी’ म्हणणारा हौशी नव्हे, तो नुसता जेवणारा. हौशी माणसाची किरकिर आधी स्वतःच्या हातावर असते, दुसऱ्याची पाळी नंतर. किल्ला पाडणारा पोरगा स्वतःचाच पाडतो.

आणि त्यासाठी किल्ला किंवा कारखानाच लागतो असंही नाही. माझ्या वाट्याला घरात कपडे वाळत घालायचं काम आलेलं आहे. बेळगावच्या पावसाळ्यात हे काम म्हणजे बुद्धिबळ. जूनपासून पुढं आठवडेच्या आठवडे ऊन तोंड दाखवत नाही, मोज्यांना वास लागतो, जीन्सचे खिसे चार-चार दिवस ओले. मी खिसे उलटे करतो, सदरे खालच्या काठाला चिमटा लावून टांगतो म्हणजे खांद्यावर शिंगं येत नाहीत, जाड कपडे पंख्याखाली, पातळ खिडकीशी. चिमटे लाकडीच पाहिजेत, प्लॅस्टिकचे उन्हाळ्यात तडकतात. यावर माझं आणि दुकानदाराचं एकदा चांगलंच वाजलेलं आहे. परवा बायकोनं घाईत दोन टॉवेल एकावर एक टाकले. ती आत गेल्यावर मी ते गुपचूप काढून वेगळे केले.

तिनं दारातून पाहिलं. म्हणाली, “शिवजयंतीच्या चित्ररथावर चढवायचेत काय हे? तसं असंल तर सांगा, इस्त्री तरी करून देते.”

इस्त्रीचं मी मनावर घेतलंय.